पांढऱ्या वाळवंटातली तिसरी हाक

बस आली. तिचं गाठोडं आलं. ती आली नाही.

मी बवीतीत, आमच्या गावच्या थांब्यावर उभा होतो. फराफ्राहून दुपारी येणारी बस त्या दिवशी पार ऊन कलल्यावर आली. काचांवर धुळीचा थर बसलेला. लोक खोकत खोकत उतरत होते. मी दाराशी उभा राहून एकेकाचं तोंड बघत होतो.

सगळ्यात शेवटी ड्रायव्हर उस्ता अतवा उतरला. त्याच्या हातात वहीबाचं गाठोडं होतं.

वहीबा माझी बायको.

अतवा मला बघून जागीच थांबला.

"सनूसीभाऊ... तुम्ही इथं कसे?"

"मग कुठं असणार? बायकोला न्यायला आलोय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण तुम्ही तर तिला वाटेतच उतरवून घेतलंत. तिकडं... पांढऱ्या वाळवंटात."

हे सगळं खरं घडलेलं आहे. मी टायर दुरुस्त करणारा माणूस. गोष्ट रचून सांगायचं डोकं मला नाही. अर्धी हकिकत बवीतीत कुणीही सांगेल, त्या बसमधली माणसं अजून आहेत. उरलेली अर्धी फक्त मला माहीत आहे. ती आज पहिल्यांदाच सांगतोय.

वहीबा फराफ्राला धाकट्या बहिणीकडं गेली होती. बहिणीचं नाव फौकिया. परत येताना वाटेत खमसीननं गाठलं. हे वसंतातलं धुळीचं वारं. सुटलं की दिवसाढवळ्या स्वतःचा हात दिसत नाही. कोंबडीच्या खडकाकडं जायचं वळण आहे तिथं अतवानं बस उभी केली. तो खडक चुन्यासारखा पांढरा, कोंबडी बसल्यासारखा. पर्यटक त्याचे फोटो काढायला लांबून येतात.

अतवानं सगळ्यांना बजावलं, कुणी खाली उतरायचं नाही.

कुणी उतरणारही नव्हतं. गाडी सोडून गेलेला माणूस परत येत नाही, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

वहीबाच्या शेजारी मबरूका आजी बसल्या होत्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. त्याच थांब्यावर, माझा हात धरून.

"बाहेरून हाक आली रे बाबा. पुरुषाची. तुझी बायको उठायला लागली. मी तिचा पदर धरला. म्हटलं, गप बस. अजून एकच झालीय."

वाळवंटात हाक आली की आम्ही लगेच ओ देत नाही. तीन हाका होऊ देतो. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. माझ्या आजोबांनी हेच सांगितलं, त्यांच्या आजोबांनीही हेच.

"मग?" मी विचारलं.

"दुसरी आली. ती बसून राहिली. शहाणी पोर. मग... तिसरी आली. तशी ती हसली. म्हणाली, आजी, आमचंच येडं आहे ते. एवढ्या वाऱ्यात न्यायला आलंय बघा."

"मी दार उघडायला नको म्हणत होतो," अतवा म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "पण आवाज तुमचा होता भाऊ. किती वर्षं तुमच्याकडून टायर दुरुस्त करून घेतोय मी. तुमचा आवाज ओळखणार नाही का?"

"काय हाक मारली त्यानं?"

मबरूका आजींनी आठवून सांगितलं.

"शेजारणी... ए शेजारणी."



लग्नाआधी आमची घरं एकाला एक लागून होती. मधे मातीची भिंत. ती भिंतीपलीकडून ओरडायची, ए शेजारी, तुझी बकरी आमची भाजी खातेय. लग्न झालं, एकाच घरात आलो, तरी ते नाव सुटलं नाही. पण ते फक्त घरात, दार लावल्यावर. लोकांपुढं ती मला अहो म्हणायची आणि मी तिला अगं.

शेजारणी हे नाव दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

आणि ती हाक आली त्या वेळी मी दुकानात होतो. निम्मा बाजार माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

शोध झाला. पोलीस आले, फौजेची माणसं आली, पायखुणा ओळखणारे खोजी आले. वाऱ्यानं सगळं पुसून टाकलेलं. खडकाच्या पायथ्याशी फक्त तिची पाण्याची बाटली सापडली. नीट उभी ठेवलेली. झाकण घट्ट.

बाटली भरलेली होती.

तहानलेला माणूस पाणी ठेवून पुढं जात नाही. खोजी बाटलीकडं बघत राहिले आणि गाड्यांत जाऊन बसले.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घर रिकामं झालं म्हणजे पार रिकामं झालं. सकाळी उठून दोन पेले चहा ओतायचो. मग एक परत किटलीत ओतायचो. शेजारच्या बायका भाकरी आणि वालासारख्या दाण्यांचं फूल-मदम्मस आणून ठेवायच्या. घास उतरायचा नाही.

फौकिया आली. गाठोडं तिनंच सोडलं. त्यात वाळवलेले जर्दाळू होते आणि उंटाच्या लोकरीचा एक मफलर, वहीबानं माझ्यासाठी विणलेला. फौकिया खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली,

"दाजी, गायबाची नमाज पढून घ्या."

ज्याचं शव हाती नाही त्याच्यासाठी पढतात ती ही नमाज. ती झाली म्हणजे माणूस गेला. त्यापुढं वाट बघायची नसते.

"ती मेली हे कुणी पाहिलंय?" मी म्हणालो.

"एवढ्या उन्हात पाण्यावाचून कोण जगतं दाजी?"

"बाटली भरलेली होती."

"म्हणूनच म्हणतेय!" ती चिडली. "माझी ताई तिकडं तशीच पडलीय. ना आंघोळ, ना कफन, ना कुणाची दुआ. तुम्ही इथं चहा ओतत बसा!"

मी ऐकलं नाही. म्हटलं, आधी मला तिला बघू दे. हाड सापडलं तरी चालेल. हातानं मातीत ठेवीन आणि मग पढीन.

तेव्हापासून मी तिला शोधायला जायला लागलो. माझ्याकडं गाडी नाही. हमूदा पर्यटकांना गाड्या भाड्यानं देतो, त्याच्याकडून एक जुनी टोयोटा न्यायचो. तो दर वेळी कुरकुरायचा.

"काका, पर्यटक गाडी नेतात, फोटो काढतात, टरबूज खातात, परत येतात. तुम्ही नेली की माझी भूक मरते."

"तुझे टायर फुकट कोण बदलतं?"

"झालं! तेवढंच धरून बसा. बरं, हवा बिघडली तर काय करायचं?"

"गाडी सोडायची नाही."

"आणि?"

"गाडीची पाठ वाऱ्याकडं."

"आणि मेलात तर गाडीतच मरा. म्हणजे गाडी तरी सापडेल मला."

असं बोलायचा आणि मागं पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवायचा.

वर्ष सरलं. पुन्हा खमसीनचे दिवस आले.

त्या दिवशी सकाळी हमूदानं आकाशाकडं बघून नाक मुरडलं होतं. मी तरी गेलो. दिवस चढला तोवर कोंबडीच्या खडकाच्या पलीकडं होतो. तिथं पांढऱ्या खडकांची रांगच आहे. मी एकेका खडकाच्या मागं जाऊन बघत होतो. उन्हानं डोळे दुखत होते.

मग दक्षिण पिवळी झाली.

मी धावत गाडीत बसलो आणि रस्त्याच्या दिशेनं निघालो. वळणापर्यंत पोहोचलो नाही. अंगावर भिंत कोसळावी तसं वारं आलं. गाडीची पाठ वाऱ्याकडं केली, काचा लावल्या, मफलर ओला करून तोंडावर धरला. भर दुपारी सगळं तपकिरी झालं. पत्र्यावर वाळू तडतडत होती. गाडी हलत होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग तडतड थांबली.

वारं थांबलं नव्हतं. काचेवर वाळू आपटताना दिसत होती. गाडी हलत होती. पण आवाज नव्हता. कशाचाच नाही.

आणि त्या शांततेत...

"ए शेजारी..."

डाव्या बाजूनं. लांबून.

तिचाच आवाज. घशातली ती बारीक खरखरसुद्धा.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. ओ द्यायची नाही. अजून एकच झालीय.

"ए शेजारी..."

आता जवळून. जेवण वाढून ठेवलंय आणि मी दुकानातून आलो नाही, की ती अशी वैतागून हाक मारायची.

दोन झाल्या.

मी थांबलो. तिसरी येऊ नये असं वाटत होतं. तिसरी यावी असंही वाटत होतं. देवाची शपथ, दोन्ही एकदम वाटत होतं.

"ए शेजारी... कुठं आहेस रे तू?"

मी ओरडलो. "इथं! शेजारणी, इथं आहे मी, गाडीत!"

पावलं आली. चप्पल ओढत चालल्यासारखी. मग गाडीच्या मागच्या टोकाला हात टेकल्याचा आवाज झाला. तो हात पत्र्यावरून सरकत पुढं यायला लागला. आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा. मागच्या दिव्यापासून... मागचं दार... माझं दार.

काचेबाहेर तपकिरी धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

हात दाराच्या कडीवर आला.

तेवढ्यात उजवीकडून, लांबून, कुणीतरी ओरडलं...

"इथं! शेजारणी, इथं आहे मी, गाडीत!"

तो माझा आवाज होता.

कडीवरचा हात थांबला.

"खोटं आहे ते!" मी किंचाळलो.

"खोटं आहे ते!" तिकडून आलं. शब्द तेच. पण माझ्या आवाजात नुसती भीती होती. त्या आवाजात रडणं होतं. बायको हरवलेल्या माणसाचा आवाज असावा, तसाच होता तो. माझ्याहून खरा वाटत होता.

काचेला लागून ती हळूच बोलली.

"दोन कसे?"

मी काचेवर तळहात टेकवला.

"शेजारी... दोन कसे रे?"

म्हणजे ती वर्षभर तिथं मला शोधत होती. तीन हाका मोजून, खात्री करून ती माझ्यासाठी बसमधून उतरली होती. आणि मी तिला सापडलोच नव्हतो.

पावलं दारापासून मागं सरकली.

मी डोक्याची पगडी सोडली. खमसीनात गाडीबाहेर जावंच लागलं तर आमची माणसं हेच करतात. पगडीचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं मनगटाला. कापड जिथवर पुरेल तिथवरच जायचं. कडीची गाठ दोन्ही हातांनी मारली. मनगटाची एका हातानं आणि दातांनी. कशीबशी एक गाठ बसली.

उतरलो. डोळे मिटून, हात पुढं करून चालत गेलो. कापड ताणलं गेलं. मी अजून वाकलो, हात लांब केला.

"वहीबा!"

बोटं हाताला लागली.

कोरडी होती. खडूसारखी. पण तिचीच. खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणून तिच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. ती चीर माझ्या तळहाताला लागली.

"चल घरी," मी म्हणालो.

ती जवळ येईना. ओढली तरी येईना. आमच्यामधे हातभर अंतर होतं आणि पगडी संपली होती.

मी दुसऱ्या हातानं मनगटाची गाठ सोडायला लागलो.

तिला ते कळलं. कसं कळलं माहीत नाही. तिची बोटं माझ्या हातातून सुटली आणि मनगटावर आली. तिनं माझा हात गाठीवरून बाजूला केला. गाठ चाचपली. ओढून घट्ट केली. मग... त्यावर आणखी एक गाठ मारली.

मी लहान मुलासारखा उभा होतो.

तिच्या मागून, अगदी तिच्या कानाशी असावा इतक्या जवळून, माझा आवाज आला. हळू. मायेनं.

"शेजारणी... चल घरी."

बोटं गेली.

मी ओरडत राहिलो. माझं एकेक वाक्य तो आवाज म्हणत होता आणि लांब जात होता. चप्पल ओढल्याचा आवाज त्याच्यामागं जात होता. मी गाठीला दात लावले. गाठ सुटली नाही. शेवटी माझा घसा बसला. तोंडातून नुसती हवा यायला लागली.

तिकडचा आवाज ओरडतच होता.

वारं पडलं तेव्हा मी दाराला टेकून बसलो होतो. खडकापर्यंत वाळू कोऱ्या कागदासारखी साफ होती. गाडीला हात टेकत आत बसलो आणि बवीतीला आलो.

हमूदा रस्त्यावरच उभा होता. मला बघून आधी त्यानं देवाचे आभार मानले, मग मला शिव्या दिल्या, मग गाडीभोवती फिरला. डाव्या बाजूला थांबला.

"काका, कुठल्या भिंतीला घासलीत ही?"

गाडी पिवळ्या धुळीनं माखली होती. त्या धुळीत मागच्या दिव्यापासून माझ्या दारापर्यंत एक पांढरा पट्टा होता. पंजाएवढा रुंद.

हमूदानं त्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं. मग माझ्या मनगटाकडं बघितलं. फडकं आणून पट्टा पुसून काढला आणि कात्रीनं माझ्या मनगटाची पगडी कापली. गाठीपासून लांब.

त्यानंतर त्यानं मला गाडी दिलेली नाही.

काही दिवसांनी मी आमच्या मशिदीच्या शेख दसूकींकडं गेलो. जे घडलं ते सांगितलं नाही. कुजबुजत एवढंच म्हणालो, नमाज पढून घेऊ. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"देवानं तुला सबुरी दिली म्हणायची. जुम्म्याला उभं राहू. रीत तुला ठाऊक आहे ना? आधी तू पुढं यायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिचं नाव घेऊन म्हणायचं, ही माझी बायको, हिचं काही चुकलं असेल तर माफ करा, मीही केलं. तुझा घसा बरा होऊ दे तोवर."

घसा बरा झाला. आवाज परत आला.

पण तो माझा नाही.

जाड आहे, फाटका आहे. फौकियानं फोनवर मला ओळखलं नाही. कोण बोलतंय, कोण बोलतंय, करत राहिली. टायर घेऊन आलेला अतवा माझ्याकडं पाठ करून उभा होता. मी मागून बोललो तर दचकला. म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण हे तुम्ही बोलताय असं वाटतच नाही."

माझा आवाज आता फक्त तिकडं आहे. त्याच्याकडं.

जुम्मा आला. लोक ओळी करून उभे राहिले. शेखांनी मला खूण केली. मी पुढं आलो, तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं... आणि मनात आलं, हे तिनं ऐकलं तर? कुणीतरी परका माणूस मला बायको म्हणतोय, माफ करतोय, निरोप देतोय, असंच वाटेल ना तिला? आणि दुसऱ्या बाजूनं तिच्या नवऱ्याच्या आवाजात कुणी हाक मारत असेल, तर ती कुणाचं ऐकेल?

मी म्हणालो, थांबा. आज नको.

लोक घरी गेले. काहींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकानं मागून म्हटलेलं ऐकू आलं, बिचाऱ्याचं अजून मन होत नाही.

खमसीन सुटला की बसवाले अजून त्या वळणावर थांबतात. दुसरा इलाज नसतो. अतवा आता आतून दाराला कुलूप लावतो. तो सांगतो, कधी कधी बाईची हाक येते, कधी पुरुषाची. कधी दोन्ही येतात. पण एका बाजूनं कधीच येत नाहीत.

फौकिया दर जुम्म्याला फोन करते. "दाजी, झालं का?"

वहीबाची नमाज अजून झालेली नाही.